केसाहून बारीक

कादंबरीकाराचे हृदयावाचून चालत नाही. ते धडधडते, ते फुटते, ते कुणाच्या तरी पायांशी वाहिले जाते, आणि कथानक फारच अडले तर ते एकाएकी बंदही पाडता येते. हा सारा कारभार मीही यथाशक्ती केलेला आहे. परंतु एखाद्या नायकाने नायिकेला आपली केशवाहिनी अर्पण केल्याचे काही माझ्या वाचनात आलेले नाही. वास्तविक शरीराच्या बाजूने पाहू गेल्यास हृदय हे साधन आणि केशवाहिनी हे साध्य. हृदय पंप आहे. धमन्या जाण्याचे रस्ते, शिरा परतीचे रस्ते. माल प्रत्यक्ष उतरतो तो केशवाहिनीत. पेशीला प्राणवायू मिळतो तो तेथे, अन्नरस मिळतो तो तेथे, आणि पेशीचा केरकचरा उचलला जातो तोही तेथेच. बाकीचा सगळा खटाटोप रक्ताला त्या ठिकाणापर्यंत नेण्यासाठी आणि तेथून परत आणण्यासाठी.

असे असून हृदय माणसाला हजारो वर्षे ठाऊक होते, आणि केशवाहिनी ठाऊक होऊन पुरती चारशे वर्षेही झालेली नाहीत. ती इतकी बारीक आहे की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हे त्याचे उघड कारण. पण मौज पुढेच आहे. ती दिसण्याच्या आधी ती असलीच पाहिजे, असे ठरून गेले होते. १६२८ साली ती असल्याची गरज सिद्ध झाली, १६६१ साली ती दृष्टीस पडली. मधली तेहतीस वर्षे काही माणसे एका न पाहिलेल्या वाटेवर विश्वास ठेवून होती आणि काही माणसे त्यांना हसत होती. त्या तेहतीस वर्षांची हकिगत मला सांगावयाची आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, वैद्यकाचा अधिकारी नव्हे. परंतु न पाहिलेल्या गोष्टीवर माणसाने केव्हा विश्वास ठेवावा, हा प्रश्न काही एकट्या डॉक्टरांच्या मालकीचा नाही.

*

प्रारंभ मळ्यापासून करू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातशे शिरा सांगितल्या आहेत. त्यांचे मूळ नाभीत, आणि तेथून त्या सर्व अंगभर पसरतात. बागेला पाणी नेणाऱ्या वाहिन्या आणि शेताला पाणी देणारे पाट जसे जमीन भिजवतात, तशा या शिरा शरीर भिजवतात, असा दृष्टांत तेथे आहे. झाडाच्या पानावरील शिरांच्या जाळ्याचाही दाखला आहे. तिकडे ग्रीस देशात अ‍ॅरिस्टॉटलला रक्तवाहिन्यांविषयी लिहिताना बागेतले पाटच आठवले. दोन दूरदूरच्या देशांतील शहाण्या माणसांना एकच चित्र सुचले, यात नवल नाही. ज्याने मळा पाहिला आहे त्याला ते सुचणारच. विहिरीवर मोट चालते, थारोळ्यातून पाणी पाटात पडते, पाटाचे फाटे होतात, दारे धरणारा गडी एकेक वाफा भरून घेतो, आणि वाफ्यातले पाणी जमीन पिऊन टाकते.

दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याने या चित्राला शास्त्राचे रूप दिले. खाल्लेल्या अन्नाचे यकृतात रक्त बनते, ते शिरांतून अंगभर जाते, आणि मांस ते शोषून घेते. खर्च झाले की नवे रक्त तयार. यातला थोडा अंश हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्या कप्प्यात झिरपतो, तेथे त्याला फुप्फुसातून आलेल्या वायूचा संस्कार होतो, आणि ते चैतन्ययुक्त रक्त धमन्यांतून निघते. गेलनची ही व्यवस्था सुमारे चौदाशे वर्षे टिकली. ती टिकली याचे कारण लोक मूर्ख होते, असे नव्हे. ती डोळ्यांपुढच्या मळ्याशी जुळत होती. त्या चित्रात एकच गोष्ट नव्हती, आणि तिची उणीव कुणाला भासलीही नाही: वाफ्यात गेलेले पाणी पुन्हा विहिरीत येत नसते.

या व्यवस्थेत एक अडचणीची जागा होती. हृदयाच्या उजव्या आणि डाव्या भागांच्या मध्ये मांसाचा जाड पडदा आहे. त्यातून रक्त पलीकडे कसे जाते? गेलनने सांगितले, त्या पडद्यात अतिशय सूक्ष्म छिद्रे आहेत, ती दिसत नाहीत. पडद्याच्या अंगावर लहान लहान खळगे असतात. ती त्या छिद्रांची तोंडे समजावी.

ही छिद्रे पुष्कळांना पटली नाहीत. तेराव्या शतकात दमास्कस येथे शिकलेल्या आणि कैरोत वैद्यकी केलेल्या इब्न अन्-नफीस याने स्पष्ट लिहिले की पडदा घट्ट आहे, त्यात वाट नाही. रक्त उजवीकडून फुप्फुसात जाते आणि तेथून डावीकडे येते. हे त्याचे लिखाण पुढे विस्मृतीत गेले, ते १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयातील एका हस्तलिखितात पुन्हा सापडले. १५४३ साली व्हेसॅलियसने माणसाच्या शरीररचनेवरील आपला प्रचंड ग्रंथ छापला, तेव्हा त्याने या अदृश्य छिद्रांबद्दल विधात्याच्या कारागिरीचे आश्चर्य व्यक्त केले. १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र रक्त पडद्यातून कसे जाते ते आपल्याला समजत नाही, असे सरळ कबूल केले. मायकेल सर्व्हेटसने फुप्फुसातून होणारा हा प्रवास एका धर्मविषयक ग्रंथात लिहिला. त्या ग्रंथातील धर्ममतांपायी १५५३ साली जिनिव्हात त्याला जिवंत जाळण्यात आले. १५५९ साली रेआल्दो कोलोंबो याने तोच प्रवास शवविच्छेदनाच्या आधाराने मांडला. अशा रीतीने गेलनच्या इमारतीची एकेक वीट सैल होत होती. इमारत मात्र उभी होती.

*

विल्यम हार्वी १५७८ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरील फोकस्टन गावी जन्मला. वैद्यक शिकण्यासाठी तो इटलीत पाडुआला गेला आणि १६०२ साली पदवी घेऊन परतला. तेथे त्याचा गुरू फॅब्रिशियस शिरांच्या आतल्या झडपा विद्यार्थ्यांना दाखवीत असे. या झडपा रक्ताचा लोंढा अडवून खालच्या अंगाला फाजील रक्त जाऊ देत नाहीत, असे गुरूचे मत. शिष्याच्या ध्यानात आले की त्या सगळ्या एकाच दिशेला उघडतात, हृदयाच्या दिशेला. पाटाला जर अशी दारे असतील की पाणी फक्त विहिरीकडेच जावे, तर तो पाट मळा भिजवण्यासाठी बांधलेला नाही, हे उघड आहे.

परंतु हार्वीचे खरे हत्यार होते साधा गुणाकार. हृदयाच्या एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडते? त्याने मुद्दाम कमीत कमी अंदाज धरले. त्यातला एक अर्ध्या औंसाचा. अर्ध्या तासात ठोके किती? निदान एक हजार. म्हणजे अर्ध्या तासात पाचशे औंस, आपल्या मापाने चौदा-पंधरा किलो रक्त! संबंध माणसाच्या अंगात मिळून रक्त असते पाच लिटरच्या आसपास. इतके रक्त दर अर्ध्या तासाला यकृताने कोणत्या अन्नातून बनवावे? आणि अंगाने ते कोठे जिरवावे? माणूस दिवसभर जेवतच बसला तरी हिशेब जुळत नाही. मग एकच वाट उरते. तेच रक्त फिरून फिरून येते. आज आपल्याला ठाऊक आहे की स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर, म्हणजे अर्ध्या तासात दीडशे लिटर रक्त ढकलते. हार्वीचा अंदाज दहापटीने कमी होता, आणि तेवढ्यानेही चौदा शतकांचा हिशेब मोडला.

हिशेबाला त्याने प्रयोगाची जोड दिली. दंडाला पट्टी करकचून आवळली तर मनगटाची नाडी बंद पडते आणि हात गार होतो. पट्टी थोडी सैल केली की खोलवरच्या धमनीतून रक्त हातात उतरते, परंतु वरवरच्या शिरा अजून दाबलेल्याच असल्यामुळे ते परत फिरू शकत नाही. शिरा टरारून फुगतात. पट्टी सोडली की फुगवटा ओसरतो. हातात रक्त गेले धमनीने आणि निघाले शिरेने. कुणालाही घरी बसून पाहता येईल असा हा पुरावा. १६२८ साली फ्रँकफुर्टला छापलेल्या बहात्तर पानांच्या लॅटिन पुस्तकात हे सारे त्याने मांडले.

आता प्रश्न उरला तो बोटांपाशी. धमनीचे फाटे होत होत ते इतके बारीक होतात की दिसेनासे होतात. शिरा तशाच दिसेनाशा बारीकपणातून सुरू होतात. या दोहोंच्या मध्ये काय आहे? वाफ्यातले पाणी परतीच्या पाटात कोणत्या वाटेने शिरते? हार्वीने लिहिले, एकतर दोहोंची तोंडे कोठेतरी जुळत असतील, नाहीतर मांसातील सूक्ष्म छिद्रांतून रक्त पाझरत असेल.

सूक्ष्म छिद्रे! ज्या अदृश्य छिद्रांवरून गेलनची व्यवस्था खिळखिळी झाली, तीच छिद्रे हार्वीने दुसरीकडे नेऊन ठेवली. त्याच्या विरोधकांनी ही जागा नेमकी हेरली. पॅरिसचा नामांकित पंडित रिओलाँ गेलनचा पक्ष घेऊन उठला. लंडनमध्ये, पुस्तक निघाल्यावर आपला धंदा फार बसला, लोक आपल्याला चक्रम समजू लागले, असे हार्वीनेच सांगितल्याची नोंद त्याचा स्नेही जॉन ऑब्री याने करून ठेवली आहे.

*

येथे थोडे थांबले पाहिजे. गेलन म्हणतो, दिसत नाहीत पण छिद्रे आहेत. हार्वी म्हणतो, दिसत नाहीत पण वाटा आहेत. वरवर पाहता दोघांचे विधान एकाच जातीचे. मग एकाला आपण चूक म्हणतो आणि दुसऱ्याला थोर म्हणतो, ते केवळ पुढे काय सापडले ते आपल्याला ठाऊक आहे म्हणून? तसे असेल तर ते श्रेय हार्वीचे कशाला, नशिबाचे म्हणावे लागेल.

आपल्या न्यायशास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान अशी दोन प्रमाणे वेगळी सांगितली आहेत, आणि अनुमानाचे उदाहरण पर्वतावरच्या अग्नीचे. अग्नी दिसत नाही, धूर दिसतो. म्हणून अग्नी आहे. हार्वीजवळ धूर होता. मोजलेले रक्त, एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा, पट्टीखाली फुगणाऱ्या शिरा, हे सारे दिसत होते, आणि मधली वाट मानल्यावाचून यांपैकी कशाचाच उलगडा होत नव्हता. गेलनला पर्वतावर अग्नी मानावा लागला तो आपल्या चुलीसाठी विस्तव हवा होता म्हणून. त्याची छिद्रे त्याच्या व्यवस्थेला हवी होती. हृदयाला ती नको होती. खळग्यांची खूण त्याने दाखवली खरी, परंतु त्या खळग्यांत कुणीही सळई घातली असती तर ती पलीकडे निघाली नसती.

दुसरा फरक मला याहून मोठा वाटतो. हार्वी स्वतःच्या गृहीतावर स्वस्थ बसला नाही. धमन्या आणि शिरा कोठे जुळतात ते त्याने धुंडाळले. यकृत, प्लीहा, फुप्फुस, मूत्रपिंड हे अवयव त्याने इतके शिजवले की त्यांचे मांस धुळीसारखे झटकून टाकावे आणि मागे वाहिन्यांचे तंतू उरावेत. आणि धमनी-शिरांची तोंडे प्रत्यक्ष जुळलेली काही आपल्याला आढळली नाहीत, असे १६५१ सालच्या एका पत्रात त्याने मोकळेपणाने लिहिले. आपल्याच सिद्धांताला जे हवे ते सापडले नाही, हे लिहिणारा माणूस कादंबरीत घातला तर वाचकांना खरा वाटणार नाही.

त्याचे पुढचे आयुष्य धामधुमीत गेले. तो राजा चार्ल्सचा वैद्य होता. १६४२ साली एजहिलच्या रणात लढाई चालू असता तो दोघा राजपुत्रांना सांभाळीत एका कुंपणाआड पुस्तक वाचत बसला होता, आणि तोफेचा गोळा जवळच येऊन पडला तेव्हा कोठे जागा बदलून बसला, असे ऑब्री सांगतो. त्याच धामधुमीत पार्लमेंटच्या सैनिकांनी त्याचे लंडनचे बिऱ्हाड लुटले आणि कीटकांच्या शरीरावर त्याने केलेली टिपणे नाहीशी झाली. ती हानी त्याला जन्मभर लागून राहिली. १६५७ साली वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी तो वारला. तोवर त्याचा सिद्धांत पुष्कळांनी मान्य केला होता. मधली वाट मात्र कुणीच पाहिली नव्हती. आणखी चारच वर्षे तो जगता तर!

*

योगायोग असा की ज्या साली हार्वीचे पुस्तक निघाले त्याच साली, १६२८ मध्ये, इटलीतील बोलोन्याजवळच्या क्रेव्हालकोरे गावी मार्चेल्लो मालपिगी याचा जन्म झाला. पुस्तक आणि मुलगा बरोबरीने वाढले म्हणावयाचे. पुढे पिसा येथे गणिती बोरेल्ली याच्याशी त्याची मैत्री जमली. तो बोलोन्याला परत आल्यावर दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला, आणि १६६१ साली बोरेल्लीला लिहिलेल्या दोन पत्रांच्या रूपानेच मालपिगीने आपले फुप्फुसांवरचे संशोधन प्रसिद्ध केले.

भिंग हार्वीनेही वापरले होते. माश्या आणि गांधीलमाश्या यांच्या अंगातील धडधड त्याने भिंगातून पाहिली होती. बेडूकही त्याने कापले होते. मालपिगीजवळ अधिक चांगले सूक्ष्मदर्शक होते हे खरे. पण त्याने जागाही नेमकी निवडली. बेडकाचे फुप्फुस म्हणजे एक पातळ पिशवी. तीत हवा भरून ती सुकवली की कागदी कंदिलासारखी पारदर्शक होते. मोठ्या जनावराच्या मांसात जे दाट अंधारात होते ते येथे उजेडासमोर धरता आले.

पण येथेही सत्य एकदम हाती लागले नाही. जिवंत बेडकाच्या फुप्फुसात त्याने रक्त एका बाजूने येताना आणि दुसऱ्या बाजूने जाताना पाहिले, आणि त्याची समजूत झाली की धमनीतून निघालेले रक्त मोकळ्या पोकळीत सांडते आणि शिरेचे उघडे तोंड ते उचलून घेते. म्हणजे पुन्हा वाफाच. नंतर एका सुकवलेल्या फुप्फुसात अगदी बारीक वाहिन्यांमध्येही रक्ताचा तांबडेपणा टिकून राहिला होता. त्यावर अधिक चांगले भिंग धरताच दिसले की रक्त कोठेच सांडत नाही. पोकळी नाही, छिद्रेही नाहीत. धमनीची टोके आणि शिरेची टोके यांच्यामध्ये नळ्यांचे एक जाळे आहे, आणि रक्त सर्व वाटभर नळीतच राहते. या एका गोष्टीपायी आपण बेडकांचा वंश संपवत आणला, अशा अर्थाचे विनोदी वाक्यही त्याने पत्रात घातले आहे.

पुढे १६८८ साली हॉलंडातील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेवेनहुक याने बेडूकमाशाच्या शेपटीत हेच जाळे वाहत्या रक्तासह पाहिले आणि धमनी व शीर ही एकाच अखंड वाहिनीची दोन अंगे आहेत, असे कळवले. या गृहस्थाला लॅटिन येत नव्हते, विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते, आणि आपली भिंगे तो स्वतः घासत असे. माझ्यासारख्याला त्याच्याविषयी अंमळ अधिक जिव्हाळा वाटला तर वाचकांनी समजून घ्यावे.

*

वाट सापडली. पुढची दोनशे वर्षे बहुतेकांनी तिला केवळ वाट समजले, धमनी आणि शीर यांना जोडणारा सांधा. केसासारखी बारीक म्हणून लॅटिनमध्ये जे नाव पडले त्याचेच आपण ‘केशवाहिनी’ केले. वास्तविक ही केसाची बढाई झाली. माणसाचा केस मिलिमीटरचा साधारण चौदावा हिस्सा जाड असतो. केशवाहिनी त्याच्याही दहाव्या हिश्श्याएवढी. रक्तातल्या तांबड्या पेशीला तीतून जाताना अंग चोरावे लागते, एकामागून एक जावे लागते. तिची भिंत एकाच पेशीच्या जाडीची. लांबी मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. पण या जाळ्यांची शरीरात अशी दाटी आहे की बहुतेक पेशींना आपली केशवाहिनी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच सापडते. डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा हा अपवाद. तेथे केशवाहिन्या असत्या तर आपल्याला जग तांबड्या जाळीतून पाहावे लागले असते. तो पडदा आपला प्राणवायू बराचसा बाहेरच्या हवेतूनच घेतो.

आणि येथे आपल्याला मळा पुन्हा आठवतो. पाटातले पाणी धावते, वाफ्यात शिरले की मंदावते, कारण ते रुंद जागेत पसरते. महाधमनीत रक्त सेकंदाला वीस सेंटिमीटरच्या पुढेमागे धावते. केशवाहिन्या एकेकट्या बारीक खऱ्या, परंतु सगळ्यांची तोंडे एकत्र केली तर महाधमनीच्या शेकडो पट रुंदी होते; म्हणून तेथे रक्ताचा वेग सेकंदाला मिलिमीटरभरही राहत नाही. तांबडी पेशी त्या बोळात दोन-तीन सेकंद रेंगाळते. तेवढ्या अवधीत भिंतीपलीकडे प्राणवायू जातो, अलीकडे कर्बवायू येतो. एका वेळी शरीरातल्या रक्तापैकी शेकडा पाच भागच केशवाहिन्यांत असतो. पंच्याण्णव भाग रस्त्यावर, पाच भाग कामावर. सरकारी कचेरीशी तुलना करण्याचा मोह मी आवरतो.

१८९६ साली लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने दाखवले की या भिंतीतून पाणीही ये-जा करते आणि त्यात दोन जोरांची ओढाताण असते. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो; रक्तद्रवातली प्रथिने, जी भिंत सहसा ओलांडू शकत नाहीत, ती पाणी आत धरून ठेवतात. बाहेर गेलेले बहुतेक पाणी केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाला परत शोषले जाते, असे पुढे पुष्कळ वर्षे शिकवले गेले. आता असे दिसते की बहुतेक अवयवांत ते लसिकावाहिन्यांच्या वाटेने फिरून रक्तात येते. म्हणजे वाफ्यातले थोडे पाणी खरोखरच जमिनीत मुरते आणि निराळ्या ओढ्याने विहिरीला मिळते. जुन्या चित्रात इतपत सत्य होते.

ही ओढाताण पुस्तकी नाही. पावसाळ्यात आपल्या गावोगावी डेंग्यू येतो. त्यातल्या काही रोग्यांचा ताप उतरू लागतो, घरची माणसे निःश्वास टाकतात, आणि नेमक्या त्याच दिवशी केशवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात. रक्तद्रव बाहेर जातो, मागे राहिलेले रक्त दाट होते, नाडी क्षीण होते. एक थेंबही रक्त जमिनीवर न सांडता माणूस दगावू शकतो. डॉक्टर पुन्हा पुन्हा रक्त तपासून त्याचा दाटपणा मोजतात तो या गळतीचा सुगावा लागावा म्हणून. ताप उतरला की धोका टळला, असे समजणाऱ्या घरांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

*

केशवाहिनी ही केवळ नळी नाही, गरजेप्रमाणे तेथला पुरवठा वाढतो आणि घटतो, या विचाराला प्रयोगाचे बळ दिले ते डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग याने. गिनीपिगच्या स्नायूत काळी शाई सोडून त्याने शाई शिरलेल्या केशवाहिन्या मोजल्या. विश्रांती घेणाऱ्या स्नायूत एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या फार थोड्या भरल्या. राबलेल्या स्नायूत अडीच हजार. १९२० सालचे नोबेल पारितोषिक त्याला या संशोधनासाठी मिळाले. विश्रांतीत बहुतेक केशवाहिन्या मिटलेल्याच असतात, हा त्याचा निष्कर्ष मात्र पुढच्या अभ्यासकांनी सुधारला. जिवंत स्नायूत पाहता विश्रांतीतही बहुसंख्य केशवाहिन्यांतून रक्त फिरत असते. कामाच्या वेळी त्याचा ओघ वाढतो, आणि तो वाढवण्या-घटवण्याचा मुख्य अधिकार आधीच्या बारीक धमन्यांकडे असतो.

क्रोगचा एक गुणाकार मात्र जगभर गाजला. माणसाच्या सगळ्या केशवाहिन्या टोकाला टोक जोडल्या तर एक लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला अडीच वेढे! हे वाक्य आपणही कोठे ना कोठे वाचले असेल. त्यामागचे गृहीत कुणी विचारीत नाही. पन्नास किलो स्नायू असलेला माणूस आणि दर चौरस मिलिमीटरला दोन हजार केशवाहिन्या, असे धरून क्रोगने तो आकडा काढला होता. पन्नास किलो नुसता स्नायू! तालमीतल्या एखाद्या मल्लाच्या अंगी तो असेल, तुमच्या-माझ्या अंगी नाही. आणि दोन हजारांची दाटीही माणसाच्या स्नायूत नसते. अलीकडे केलेले हिशेब नऊ ते एकोणीस हजार किलोमीटरवर येतात. गुणाकार दोघांनीही केला. हार्वीने मुद्दाम छोटे आकडे धरले आणि तरीही निष्कर्ष निसटू शकला नाही. क्रोगने मोठे आकडे धरले. त्याने आपले गृहीत लिहून ठेवले होते, ते वाचण्याची तसदी पुढच्यांनी घेतली नाही. शंभर वर्षे पृथ्वीला वेढे पडत राहिले.

क्रोगची आणखी एक हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२२ साली केशवाहिन्यांवर व्याख्याने देण्यासाठी तो अमेरिकेला गेला. त्याची पत्नी मारी स्वतः डॉक्टर होती आणि तिला मधुमेह जडला होता. टोरांटो येथे नुकताच इन्सुलिनचा शोध लागला होता. तिच्या आग्रहावरून तो तेथे गेला, इन्सुलिन तयार करण्याची परवानगी घेऊन परतला, आणि १९२३ पासून डेन्मार्कमध्ये ते बनू लागले. मारी त्यानंतर वीस वर्षे जगली. मधुमेह हा रोग दीर्घकाळ चालला की घाला घालतो तो प्रामुख्याने बारीक वाहिन्यांवर, मूत्रपिंडातल्या आणि डोळ्यांतल्या. एका माणसाच्या अभ्यासाचा विषय आणि त्याच्या घरातला रोग असे एकाच ठिकाणी येऊन भेटले.

आज मधुमेह आपल्याकडे खेड्यातल्या घरांतही येऊन बसला आहे. डोळ्यांचे डॉक्टर बाहुलीत औषधाचे थेंब घालून आत पाहतात, ते नुसता चष्म्याचा नंबर काढण्यासाठी नव्हे. अंगाला सुरी न लावता बारीक रक्तवाहिन्या उघड्या दिसतात अशी ती शरीरातली एक खिडकी आहे. ती १८५१ साली हेल्महोल्ट्झच्या उपकरणाने उघडली. केशवाहिन्यांना आलेले बारीक फुगे तेथे तांबड्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि पुष्कळदा रोग्याला स्वतःला अजून नीट दिसत असते तेव्हाच दिसतात. वेळीच पाहिले तर दृष्टी वाचवता येते. मालपिगीने बेडकाचे फुप्फुस उजेडासमोर धरले, त्या कामाचाच हा पुढचा अध्याय.

हार्वीच्या पुस्तकाचे नाव हृदयाच्या हालचालीवरून आहे, पण त्यात हृदयाचे चित्र नाही. चित्रे आहेत ती पट्टी बांधलेल्या एका हाताची. फुगलेल्या शिरा, झडपांच्या गाठी, शिरेवरून फिरणारे दुसऱ्या हाताचे बोट, सारे स्पष्ट काढलेले आहे. धमनी आणि शीर जेथे भेटावयास हवी ती जागा मात्र चित्रात नाही. चित्रकाराला एक-दोन रेघा मारून ती जोडता आली असती, आणि पुस्तक अधिक पटले असते. हार्वीने ती जागा कोरी ठेवली.